रेवतीचा तारा आणि दोन चतुर्थ्या

20 ऑगस्ट 2023. बहुतेक महाराष्ट्रात नागपंचमी दुसऱ्या दिवसावर होती, आणि रत्नागिरीतल्या काही घरांत गणपती पाटावर बसलेसुद्धा. शेजारच्या घरांत तो येणार होता 19 सप्टेंबरला. एकाच वाडीत महिन्याच्या अंतरानं दोन चतुर्थ्या. बाकीच्यांना त्या वर्षी अधिक श्रावण होता. टिळक पंचांग पाळणाऱ्यांच्या घरी तो नव्हताच.

या फरकाचं मूळ शोधत मागे गेलं की कोकणच्याच किनाऱ्यावर, नांदगावच्या गणेश दैवज्ञांपाशी पोचतो. 1520 साली त्यांनी ‘ग्रहलाघव’ रचला. ज्या-अर्धज्यांचा खटाटोप टाळून ग्रह काढायची त्यांची रीत इतकी सुटसुटीत, की पुढची तीनशेहून अधिक वर्षं जोशी तिच्यावरच पंचांगं करत राहिले. पण जुन्या सिद्धांतांतलं वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेआठ पळांनी मोठं. ही चूक दरसाल साचत गेली. पंचांगातलं ग्रहण आणि आकाशातलं ग्रहण यांची वेळ जुळेना.

ती जुळवायला घेतली केरो लक्ष्मण छत्रे यांनी. अलिबागजवळच्या नागावचे केरोनाना डेक्कन कॉलेजात गणित शिकवत. युरोपीय कोष्टकांच्या आधारे त्यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली, आणि पाच वर्षांनी आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर नवं पंचांग निघालं. लोक त्याला पटवर्धनी म्हणत. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवतीच्या ताऱ्यापासून धरला. पुढे चित्रा ताऱ्याच्या समोरून आरंभ मोजणाऱ्यांशी त्याचं सुमारे चार अंशांचं अंतर पडलं. सूर्याला ते कापायला चार दिवस लागतात, म्हणून या पंचांगातली संक्रांत चार दिवस आधी येते. अमावास्या त्या चार दिवसांत सापडली की एकाचा अधिक महिना दुसऱ्याचा निज होतो. 2023 च्या श्रावणात तेच झालं.

केरोनानांचे विद्यार्थी होते रत्नागिरीच्या टिळक आळीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक. गुरूचं गणित त्यांनी शेवटपर्यंत उचलून धरलं, म्हणून आज त्या पंचांगाला त्यांचं नाव आहे.

मला मात्र या साखळीतला सगळ्यात जवळचा वाटतो तो शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीजवळच्या मुरुडचा, जन्म 1853 चा, पेशानं शिक्षक. याच मुरुडच्या र. धों. कर्व्यांवर अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. दीक्षितांवरही चरित्रपट निघावा असं मला फार दिवस वाटतं, कारण श्रद्धा आणि पुरावा यांची ओढाताण त्यांच्या कामात ओळीओळीत दिसते.

त्यांनी शतपथ ब्राह्मण उघडलं. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असं तिथे लिहिलेलं. श्रद्धाळू माणूस नमस्कार करून पुढे गेला असता, आणि नुसता चिकित्सक त्याला कविकल्पना म्हणाला असता. दीक्षितांनी ते वाक्य कुणीतरी पहाटे उभं राहून केलेली नोंद म्हणून वाचलं आणि गणित मांडलं: कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवत होत्या? उत्तर आलं, इसवी सनापूर्वी सुमारे 3000 वर्षं. श्रुतीवरच्या विश्वासाची याहून प्रामाणिक कसोटी मला माहीत नाही.

पंचांगाच्या वादात ते केरोनानांच्या आणि टिळकांच्या बाजूला गेले नाहीत. मधु आणि माधव हे वेदांतले महिने वसंताचे. मग महिने ऋतूंना बांधलेले हवेत, ताऱ्याला नव्हे. खरं उत्तरायण 21-22 डिसेंबरला लागतं, आणि मकरसंक्रांत आपण जानेवारीच्या मध्यावर करतो. ही तफावत साधारण 72 वर्षांत एका अंशानं वाढते. म्हणून विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते ऋतूंना बांधलेल्या सायन पंचांगाच्या बाजूनं उभे राहिले. धर्माचाच आधार घेऊन रूढ पंचांग बदला म्हणणं तेव्हा सोपं नव्हतं. 1896 मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ प्रसिद्ध झाला, आणि 1898 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. सायन पंचांग घराघरांत पोचलं नाही.

पोचलं ते आडवाटेनं. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीनं 1955 मध्ये अहवाल दिला. सणांसाठी तिनं चित्रा पक्ष ठेवला, पण राष्ट्रीय सौर दिनदर्शिका ऋतूंना बांधली. 22 मार्च 1957 ला तिचा 1 चैत्र उजाडला. तिच्यात 1 पौष येतो 22 डिसेंबरला, उत्तरायणाच्या तोंडावर. दीक्षितांना हवा होता तिथेच.

त्या चरित्रपटाचं पहिलं दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आहे. ज्येष्ठ सरत आलाय, पाऊस थोडा उघडलाय. मुरुडला समुद्राकडे पाठ करून, पहाटेच्या काळोखात एक शाळामास्तर पूर्वेच्या डोंगराकडे पाहत उभा आहे. कृत्तिका वर येतात, नेमक्या पूर्वेपासून सुमारे 25 अंश उत्तरेला, आणि तो घरात जाऊन पाटी काढतो.