समूह, विवेक आणि धर्मांतर : नागपूर १९५६

किती माणसे जमली म्हणजे ‘समूह’ होतो, या प्रश्नाचे उत्तर बालाघाटात बसून देणे सोपे आहे. मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ याने दोनपेक्षा अधिक व्यक्तींच्या एकाच वेळी होणाऱ्या धर्मांतरास ‘सामूहिक धर्मांतर’ म्हटले आहे, आणि त्यात अधिनियमाचा भंग झाल्यास शिक्षाही अधिक कडक ठेवली आहे. आई, वडील आणि वयात आलेला मुलगा एवढे घर या व्याख्येत सहज मावते. पैतृक धर्माकडे परतणे मात्र हा अधिनियम धर्मांतर मानीत नाही. कायद्याची चिकित्सा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. माणूस एकटा असला की विचार करतो आणि समूहात शिरला की विचार गमावतो, ही जी समजूत त्यामागे आहे तिच्याकडे आम्हांस वळावयाचे आहे. कारण ती केवळ शासनाची नाही, आपल्या धर्मगुरूंच्या बोलण्यातही ती वारंवार येते.

या समजुतीला शास्त्राचे रूप दिले ते गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने. समूहमनावरील त्याचे पुस्तक १८९५ साली निघाले. गर्दीत व्यक्तीची बुद्धी मावळते, भावना संसर्गासारखी पसरते आणि सुशिक्षित मनुष्यही रानटी होतो, असा त्याचा सिद्धान्त. १८७१ चा पॅरिस कम्यून त्याने डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याच्या लिखाणात शास्त्रज्ञाच्या निरीक्षणापेक्षा घाबरलेल्या सुखवस्तू नागरिकाचा स्वर अधिक ऐकू येतो, असे आमचे मत आहे. पुढे जॉर्ज रूदे या इतिहासकाराने फ्रेंच राज्यक्रांतीतील जमावांचा शोध पोलिसांच्या दप्तरांतून घेतला. तेथे त्याला रानटी टोळ्या सापडल्या नाहीत. सापडले ते सुतार, लोहार, लहान दुकानदार, आणि भाकरीच्या भावाविषयीची त्यांची अगदी नेमकी तक्रार.

अर्थात ल बाँचे वर्णन ज्याला तंतोतंत लागू पडते असा जमाव नसतोच असे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायातील इफिसची रंगशाळा आठवावी. दोन तास घोषणा चालल्या, आणि आपण कशासाठी जमलो आहोत हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. पण त्याच अध्यायाच्या मागील भागात देमेत्रिय सोनार आपल्या धंद्याच्या लोकांपुढे काय बोलला तेही लूकने लिहून ठेवले आहे. बेभान गर्दीच्या मागे पुष्कळदा पूर्ण भानावर असलेला कोणीतरी उभा असतो.

एकाच गावात एकाच दिवशी दोन्ही प्रकारचे समूह दिसावेत, असे इतिहासात क्वचित घडते. महाडला २० मार्च १९२७ रोजी ते घडले. परिषदेचे हजारो प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग शिस्तीने चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि मंडपात परतले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. अफवेसरशी लाठ्या घेतलेला दुसरा जमाव मंडपावर चालून आला आणि जेवणाऱ्या माणसांना त्याने मारहाण केली. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही. पहिला समूह अनेक दिवसांच्या तयारीतून आला होता, दुसरा घटकाभरात जमला होता. केवळ संख्येवरून दोहोंना एकाच मापाने मोजणारे समाजशास्त्र आमच्या उपयोगाचे नाही.

आमच्या जिल्ह्याला याहून जवळचे उदाहरण नागपूरचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, तेथे जी धर्मदीक्षा झाली तिला जमलेल्या लोकांचा आकडा कोणी तीन लाख सांगतो, कोणी पाच लाख. त्या दिवशी नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. बालाघाटहून जाणारा मनुष्य अरुंद रुळाच्या गाडीने गोंदियाला व तेथून मोठ्या गाडीने नागपूरला जाई, आणि तो परप्रांतात नव्हे, आपल्याच प्रांताच्या मुख्य शहरी जात असे. अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाटची राजधानी भोपाळ झाली.

त्या मैदानावर काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. कुशिनाऱ्याचे वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थविर यांनी प्रथम डॉ. आंबेडकर व त्यांच्या पत्नी या दोघांनाच त्रिशरण व पंचशील दिले. बावीस प्रतिज्ञाही आंबेडकरांनी आधी स्वतः उच्चारल्या. मगच ज्यांची इच्छा असेल त्यांनी उभे राहावे असे सांगण्यात आले, आणि शुभ्र वस्त्रांतला तो समुदाय उभा राहून एकेक प्रतिज्ञा त्यांच्यामागून मराठीत म्हणू लागला. उशिरा पोहोचलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दीक्षाविधी झाला. गर्दीच्या उन्मादाला दुसरा दिवस नसतो. तो ओसरला की माणसे घरी जातात.

आणि हा क्षण एकवीस वर्षे जुना होता. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी आपला निश्चय जाहीर केला. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबईस महार परिषद भरली, तेथे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. त्यानंतर चावडीवर, गिरणीच्या चाळीत, लग्नाच्या मांडवात हाच विषय वर्षानुवर्षे बोलला गेला. नागपूरच्या मैदानावर माणसे विचार करावयास जमली नव्हती. विचार करून झाला होता म्हणून जमली होती.

याच वर्षी याच शहरातून दुसरी एक गोष्ट बाहेर पडली होती. मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी १९५४ मध्ये प्रांतिक सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशिक्षित आदिवासींची धर्मांतरे बहुधा खऱ्या पालटातून नव्हे, तर ऐहिक लाभाच्या आशेने होतात, असा तिचा निष्कर्ष होता. समितीचे अध्यक्ष, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी, हे पुढे काही महिन्यांनी नागपुरास बौद्ध धर्म स्वीकारणाऱ्यांत होते, अशी नोंद आंबेडकरांच्या चरित्रलेखनात आढळते. एका विद्वान न्यायाधीशाचा निर्णय आणि त्याच समारंभातील शेतमजुराचा निर्णय यांत पहिला तेवढा विवेकाचा मानावा, याला आम्हांस काही आधार दिसत नाही.

आपल्या मिशनांनीही हा प्रश्न टाळला होता असे नाही. जे. वॉस्कम पिकेट यांचा भारतातील समूह-चळवळींचा अभ्यास १९३३ साली छापला गेला. समूहाने आलेल्यांची श्रद्धा एकेकट्याने आलेल्यांच्या मानाने कच्ची असते हे गृहीत त्यांना टिकताना दिसले नाही. नंतरचे शिक्षण व उपासना नियमित झाली की नाही, यावर अधिक अवलंबून होते. मध्य प्रांतात दीर्घकाळ काम केलेले डोनाल्ड मॅकगाव्हरन यांनी १९५५ मध्ये आणखी पुढचे म्हटले: एकट्याला त्याच्या नात्यागोत्यातून उपटून आणणे हीच खरी बळजबरी. मॅकगाव्हरन यांचे सारेच आम्हांस मान्य नाही. त्यांच्या मांडणीत जात ही सोयीची वाट ठरते आणि तिच्यावर प्रहार करण्याचे काम मागे पडते. आंबेडकरांनी नेमके उलट केले. तरीही कर्नेल्याचे घर, लुदियेचे घर, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचे घर यांचा बाप्तिस्मा घराघराने झाला हे विसरून ‘एकेकानेच यावे’ असा आग्रह धरणे आपणांस अवघड जाईल.

निर्णय समूहात झाला, तरी त्याची किंमत ज्याने त्याने आपल्या घरी मोजली. १९५१ च्या जनगणनेत देशभरात दोन लाखही बौद्ध नव्हते. १९६१ मध्ये ते बत्तीस लाखांवर गेले, आणि या राज्यात त्यांची संख्या एक लाखाहून अधिक झाली. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती मात्र बौद्ध झालेल्यांना १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. म्हणजे चौतीस वर्षे, एक संपूर्ण पिढी. काहींनी शाळेच्या व नोकरीच्या कागदावर जुनी जात तशीच ठेवली आणि घरात बुद्धाची तसबीर लावली. ख्रिस्ती झालेल्यांना ती सवलत अद्याप नाही. त्यामुळे आपल्याही काही मंडळ्यांत एकाच माणसाची दोन नावे असतात : एक तहसील कचेरीच्या दाखल्यावरचे, दुसरे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतले; आणि ती वही धर्मगुरूच्या कपाटात असते.