क्षयरोगोत्तर फुप्फुस पुनर्वसन
क्षयरोगोत्तर फुप्फुस पुनर्वसन ही क्षयरोग बरा झाल्यावरही फुप्फुसांची कायमस्वरूपी हानी राहिलेल्या व्यक्तींसाठीची व्यायामप्रधान उपचारपद्धती आहे. औषधांनी जंतू नष्ट झाले, तरी जखमांचे व्रण, पोकळ्या व रुंदावलेल्या श्वासनलिका तशाच राहतात. त्यामुळे धाप व खोकला टिकून राहतो. ही लक्षणे क्षयरोग उलटल्याचीच असतील असे नाही. म्हणून प्रथम थुंकीची तपासणी केली जाते.

साधारणतः ६ ते १२ आठवड्यांच्या या कार्यक्रमात चालणे, सायकल चालवणे, हातापायांचे स्नायू बळकट करणे आणि कफ बाहेर काढण्याचे तंत्र यांचा समावेश असतो. ६ मिनिटांत चाललेल्या अंतरावरून प्रगती मोजतात. व्यायामाने व्रण नाहीसे होत नाहीत. मात्र स्नायूंची कार्यक्षमता वाढल्याने तेवढ्याच श्वासात अधिक काम करता येते. खोकल्यातून रक्त पडल्यास व्यायाम थांबवून वैद्यकीय तपासणी करावी लागते.