बाळ पोटातच दगावलं तर कारण कसं शोधतात? हैदराबाद गाठण्याआधी हे माहीत असू द्या

देगलूर, बिलोली, धर्माबाद भागातल्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी हैदराबाद काही परकं नाही. कुणी देवगिरी एक्स्प्रेस पकडतं, कुणी गाडी करून जातं. दिवस भरत आलेलं बाळ पोटातच दगावलं, की पुढच्या खेपेला तरी सगळं नीट व्हावं म्हणून जोडपी तिकडच्या तज्ज्ञांकडे जातात. तिथं पहिला प्रश्न येतो, ‘मागच्या वेळी काय काय तपासलं होतं?’ हातात सोनोग्राफीच्या एका कागदाशिवाय काही नसेल, तर मोठ्यात मोठ्या डॉक्टरलाही अंदाजच बांधावा लागतो. कारण ज्यातून उत्तर मिळायचं ते बाळ आणि वार, दोन्ही मातीआड गेलेलं असतं. म्हणून कारण शोधायची खरी वेळ प्रसूतीनंतरचे पहिले काही तास हीच असते.

मृतजन्म कशाला म्हणतात?

२८ आठवड्यांनंतर बाळ जिवंतपणाची कोणतीही खूण नसताना जन्मलं, तर आपल्याकडे त्याची मृतजन्म म्हणून नोंद करावी लागते. डॉक्टर मात्र कारणांची तपासणी २० आठवड्यांपासूनच्या मृत्यूतही करतात. २०२१ मध्ये जगभरात अशी सुमारे १९ लाख बाळं गेली. भारताने २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात हे प्रमाण २०३० पर्यंत हजारी दहाच्या आत आणायचं ठरवलं आहे.

कारणं कोणती असतात?

वारेतून बाळाला रक्त कमी पडणं, वार आधीच सुटणं, आईचा वाढलेला रक्तदाब, साखर, जंतुसंसर्ग, बाळातलं जन्मजात व्यंग, जनुकीय दोष, नाळेची अडचण, आई आरएच निगेटिव्ह असणं, कळा सुरू असताना वेळेवर मदत न मिळणं. ‘ग्रहणात बाहेर पडली’, ‘पपई खाल्ली’, ‘हिचा पायगुणच तसा’ ही कारणं कोणत्याही तपासणीत सापडत नाहीत. नीट तपासणी झाली, तर सुनेवरचा हा ठपका पुसायलाही तिचा उपयोग होतो.

पहिल्या काही तासांत काय करायचं?

- वार टाकू देऊ नका. ‘वार पॅथॉलॉजीला पाठवा’ असं स्पष्ट सांगा. ती फॉर्मालिनमध्ये ठेवून पाठवतात.
- जनुकीय तपासणीचा तुकडा वेगळा काढायला सांगा. नाळेचा किंवा वारेचा छोटा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये, थंड जागी ठेवतात. तो फॉर्मालिनमध्ये गेला की जनुकीय तपासणीसाठी जवळपास वाया गेला. ही चूक सर्रास टाळता येते.
- बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर लिहून घ्या. समोरून, बाजूने, चेहऱ्याचा, हातापायांचा फोटो आणि पूर्ण अंगाचा एक्स-रे काढून ठेवा. शवविच्छेदनाला घरचे तयार नसले तरी एवढ्यावरूनही तज्ज्ञाला बरंच कळतं.
- आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत. याचा संबंध पुढच्या बाळाशी आहे.

कशातून किती कळतं?

अमेरिकेतल्या ५१२ मृतजन्मांच्या एका अभ्यासात (२०१७) कोणती तपासणी किती कामाला आली हे मोजलं गेलं. वारेची तपासणी सुमारे ६५ टक्के प्रकरणांत उपयोगी ठरली, बाळाचं शवविच्छेदन ४२ टक्के, जनुकीय तपासणी १२ टक्के आणि आईच्या रक्तातल्या अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची तपासणी ११ टक्के. म्हणजे सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट तीच, जी आपल्याकडे सगळ्यात आधी टाकली जाते.

शवविच्छेदन म्हटलं की घरचे बिथरतात, ते साहजिक आहे. पण ते आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय होत नाही आणि नंतर बाळ अंत्यविधीसाठी परत मिळू शकतं. संमती देतानाच तसं विचारून घ्या. पूर्ण नको असेल तर फक्त बाहेरून तपासणी किंवा एमआरआय हा पर्याय विचारता येतो.

आईच्या रक्तात साखर, थायरॉईड, व्हीडीआरएल, रक्तगट आणि अँटिबॉडी बघतात. अंगाला खूप खाज येत असेल तर यकृताच्या तपासण्याही करतात. अँटीफॉस्फोलिपिड चाचणी पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, एकदाच करून निष्कर्ष काढत नाहीत. ‘टॉर्च’ नावाची चाचणी मात्र इतर कोणतीही खूण नसताना केली, तर तिच्यातून फारसं हाती लागत नाही.

हैदराबादमध्ये कुठे?

पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये वैद्यकीय आनुवंशिकी विभाग आहे. उप्पलला सीडीएफडी ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे दवाखान्यांनी पाठवलेल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी होते. नमुना कसा आणि किती वेळात पोचवायचा, हे तुमच्या डॉक्टरांनी आधी फोनवर विचारून घेतलेलं बरं. वारेच्या तपासणीसाठी मात्र हैदराबादच हवं असं नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पॅथॉलॉजी विभाग असतोच.

जनुकीय तपासणीत जुनी पद्धत म्हणजे कॅरिओटाइप. तिला जिवंत पेशी लागतात, त्यामुळे बाळ पोटात जाऊन काही दिवस झाले असतील तर ती फसू शकते. मायक्रोअ‍ॅरे ही नवी पद्धत अशा वेळीही बऱ्याचदा निकाल देते.

पुढच्या खेपेला काय फरक पडतो?

साखर हे कारण निघालं तर दिवस राहण्याआधीच ती आटोक्यात आणता येते. अँटीफॉस्फोलिपिडचा त्रास असेल तर कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. मेंदू-मणक्याचं व्यंग होतं असं कळलं तर फॉलिक अ‍ॅसिडची जास्त मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासून सुरू करतात. आपल्या भागात मामा-भाची, आत्या-मामाच्या मुलांची लग्नं अजून होतात. अशा घरात आई आणि वडील दोघांकडून एकच दोष उतरला असेल, तर प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका राहतो. तो दोष नेमका माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतो.

सगळं करूनही काही वेळा कारण सापडत नाही. तरी साखर नाही, जनुकीय दोष नाही, संसर्ग नाही, एवढं कळणंही पुढच्या डॉक्टरसाठी मोठी माहिती असते.

जाताना सोबत काय न्यायचं?

माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, वारेचा रिपोर्ट, बाळाचे फोटो आणि एक्स-रे, आईचे रक्ताचे रिपोर्ट, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. आणि दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती: कुणाचं मूल लहानपणी गेलं, कुणाला व्यंग होतं, कुणाचं लग्न नात्यात झालं. ही माहिती सासू आणि आईकडून आधीच विचारून कागदावर लिहून न्या. तिथं गेल्यावर ऐनवेळी आठवत नाही.