हमदर्द म्हणजे समदुःखी

आमच्या उर्दू शाळेत मी मराठी शिकवतो. 'समदुःखी' हा शब्द आला की शेजारी 'हमदर्द' लिहितो. मुलांना आधी रूह अफ़ज़ाची बाटली आठवते आणि वर्ग हसतो. पण घडण एकच आहे: हम म्हणजे सम, दर्द म्हणजे दुःख. मला स्वतःला हा शब्द कळला तो धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडल्यानंतर.

डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, जीव वाचला. तीन महिन्यांत चालू-बोलू लागला तसे सगळे म्हणाले, "माशाअल्लाह, बरा झाला." तो बरा झाला नव्हता. बाजारातून रिकाम्या हाताने परत यायचा, दुपारीच थकायचा, भांड्यांच्या आवाजाने चिडायचा. मी रोज विचारायचो, आज वार कोणता? मास्तरांची खोड, दुसरं काय. एकदा तो म्हणाला, "भाईजान, मी तुमचा विद्यार्थी नाही." मी गप्प झालो आणि या दुखापतीचा इतिहास वाचायला घेतला.

त्या इतिहासात आधी भेटतात ती एकटी माणसं. 1848 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावरचा मुकादम फिनियस गेज सुरुंगाची दारू ठासत होता. स्फोट झाला आणि साडेतीन फुटांची पहार गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, पुढे चिलीत घोडागाडी हाकली, 1860 मध्ये वारला. त्याची कवटी आणि पहार हार्वर्डला जपून ठेवली आहे. पण त्याच्याबद्दल जे आपण वाचतो ते दुसऱ्यांनी लिहिलेलं.

स्वतः लिहिलं ते झासेत्स्की या रशियन सैनिकाने. 1943 मध्ये स्मोलेन्स्कजवळ त्याच्या डोक्यात गोळी लागली. हात लिहीत असे, पण लिहिलेलं त्यालाच वाचवत नसे. तरी पंचवीस वर्षांत त्याने सुमारे 3000 पानं लिहिली. मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी त्यावर पुस्तक केलं. ती पानं मला जेवढी थोर वाटतात, तेवढाच त्यांचा एकटेपणा अंगावर येतो.

मग 1970 च्या दशकात चित्र बदललं. 1971 मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, 1974 मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी बेशुद्धी मोजायची पट्टी दिली. पूर्वी दगावले असते असे लोक वाचू लागले. पण वाचलेला माणूस घरी गेल्यावर काय, याचं उत्तर रुग्णालयाकडे नव्हतं. ते शोधलं घरच्यांनी. ब्रिटनमध्ये 1979 साली 'हेडवे' सुरू झाली. आज तिचे शंभराहून अधिक गट आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक यांची मुलगी 1975 मध्ये, पंधराव्या वर्षी, मोटार अपघातात जखमी झाली होती. त्यांनी पतीसह 1980 मध्ये 'नॅशनल हेड इंज्युरी फाउंडेशन' काढलं. या दुखापतीसाठी अमेरिकेत स्वतंत्र कायदा झाला तो 1996 मध्ये. आपल्याकडेही सुरुवात एका बापानेच केली: 2005 मध्ये जयपूरला पोलो खेळताना जोधपूरचे युवराज शिवराजसिंह जखमी झाले, आणि 2007 मध्ये गजसिंहांनी 'इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन' उभं केलं.

या आईबापांबद्दल मला आदर आहे. पण माझा अनुभव सांगतो की नातेवाइकाचं दुःख खरं असलं तरी ते वेगळं असतं. 'सम' नसतं. म्हणून या गटांतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की तिथे जखमी माणूसच जखमी माणसाला भेटतो. दोन वर्षं आधी पडलेला कालच घरी आलेल्याला सांगतो: यादी खिशात ठेव, गर्दीत जाण्याआधी झोप काढ, 'दिसतोस तर छान' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नको.

आमच्या गावात असा गट नाही. भावाला त्याचा माणूस ओपीडीच्या बाकावर भेटला. शिंपी आहे, पाच वर्षांपूर्वी जिन्यावरून पडलेला. त्याने आपली खिशातली डायरी उघडून दाखवली, आणि भाऊ कित्येक महिन्यांनी खळखळून हसला. दोघांनीही एकाच दिवशी दोनदा वीजबिल भरलं होतं म्हणे.

दुकान बंद असतं त्या सोमवारी भाऊ तिथे जातो. शिवणयंत्र आता शिंप्याचा मुलगा चालवतो. त्याचा आवाज बापाला सोसत नाही, माझ्या भावालाही नाही. एकदा मी सोडायला गेलो आणि तिथेच बसलो, तर दहा मिनिटांत भाऊ म्हणाला, "भाईजान, तुम्ही चहा पिऊन या."