लूप कुणी काढलं?

वस्तीतल्या ऐंशीच्या घरातल्या एखाद्या म्हातारीपुढं ‘लूप’ हा शब्द काढून बघा. एखादी पदर तोंडाला लावून हसेल, एखादी शिवी हासडेल. आपल्या पिढीला तो शब्द माहीत नाही. आपल्याला तांबी माहीत. लूप म्हणजे तांबीची थोरली बहीण. त्यात तांबं नव्हतं, नुसतं प्लॅस्टिक. नागमोडी वळणाचं वेटोळं आणि खाली नायलॉनचा दोरा. १९६५ साली भारत सरकारनं ते कुटुंबनियोजनात आणलं, आणि गाजावाजा असा केला की देशाच्या भाकरीचा प्रश्न आता या वेटोळ्यानंच सुटणार. तीन-चार वर्षांत सगळं मोडलं. कुणी मोडलं? बायांनी. मोर्चा नाही, घोषणा नाही, निवेदन नाही. एकेकीनं जाऊन काढून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं.

ते का मोडलं याची दोन उत्तरं चालतात. सरकारी अहवालवाले म्हणतात, अडाणी बायांत अफवा पसरल्या. आपल्या सभांत पोरं म्हणतात, संततिनियमन हाच गरिबांची संख्या तोडायचा डाव, बायांनी तो उधळला. दोन्हीकडं बोलणारे बहुतेक पुरुष. बाईला विचारायची गरज दोघांनाही वाटलेली नाही.

डाववाल्या भावांसाठी आधी एक जुनी गोष्ट. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला तेव्हा १९३४ साली कोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले. पुढं १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला, की सरकारनं संततिनियमनाचा लोकांत जोरात प्रचार करावा आणि त्याची सोय करून द्यावी. त्यामागचं भाषण बाबासाहेबांचं. त्यात गरिबीचा हिशेब आहे, देशाचा हिशेब आहे. पण एक गोष्ट त्या काळात कुणी बोलत नव्हतं ती आहे: बाईला मूल नको असेल, मग कारण कुठलंही असो, तर ते थांबवणं तिच्या हातात पाहिजे, मूल होणं न होणं सर्वस्वी तिच्या मर्जीवर पाहिजे. ठराव पडला. काँग्रेसवाल्यांना पचला नाही.

‘कारण कुठलंही असो’ एवढं ध्यानात ठेवा आणि १९६५ कडं चला.

लूप काढलं अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या जॅक लिपीज या डॉक्टरनं. १९६२ साली पॉप्युलेशन कौन्सिलनं न्यूयॉर्कला या साधनांवर परिषद भरवली. तिथं एका स्त्रीरोगतज्ज्ञानं उभं राहून मांडलं की आपण आता एकेका रोग्याचा विचार करायचं सोडलं पाहिजे. एकूण मोठा हिशेब बघितला तर एखादी बाई खर्ची पडली तरी चालेल. त्यातून तिला झालेल्या संसर्गानं ती मरणार नसेल, नुसती वांझ होणार असेल तर विशेषच. हे त्या परिषदेच्या छापील वृत्तांतात आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

तज्ज्ञांना लूप एवढं का आवडलं? गोळी बाईनं रोज आठवणीनं घ्यावी लागते. टोपी नवऱ्याच्या मर्जीवर. लूप एकदा बसवलं की बाईनं काही करायचं नाही, आठवायचं नाही, ठरवायचं नाही. स्वस्त, आणि वर्षानुवर्षं चालणारं. त्यांच्या लेखी हा सगळ्यात मोठा गुण होता. बाई मध्येच नको.

इकडं १९६५ ला पाऊस दगा देऊन गेला, १९६६ लाही. बिहारात दुष्काळ. पोटाला पी. एल. ४८० चा अमेरिकन गहू, आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जॉन्सन तो मोजून-मापून सोडणार, लोकसंख्या आवरा म्हणून दाब टाकणार. दिल्लीत सुशीला नायर आरोग्यमंत्री. कानपूरला लूपचा कारखाना निघाला. १९६५-६६ मध्ये आठ लाखांच्या वर लूप बसवली गेली, १९६६-६७ मध्ये नऊ लाखांच्या वर. १९६६ साली केंद्रानं राज्यांसाठी दर बांधून दिला: लूपमागं ११ रुपये, पुरुषाच्या नसबंदीमागं ३०, बाईच्या ऑपरेशनमागं ४०. दर बसवण्याचा होता. बाईचं नाव गेलं, ती ‘केस’ झाली. केस आणणारा आला, केस मोजणारा आला. १९६७-६८ ला आकडा सात लाखांच्या खाली आला, पुढच्या वर्षी पाच लाखांच्याही खाली. कारखाना होता, पैसा होता, बाया येईनाशा झाल्या.

आता रक्ताबद्दल बोलू. तोंड वाकडं करू नका.

लूपनं पाळीचं रक्त जवळजवळ दुप्पट जातं. पोटात कळा, मध्येच डाग, चार दिवसांची पाळी आठ दिवस. डॉक्टरी भाषेत हा ‘किरकोळ त्रास’. पण तो कुणाच्या घरात येऊन पडतो ते बघा. १९६५ सालची शेतमजूर बाई. दिवसभर वाकून खुरपणी. आडोसा नाही. पाणी गावाच्या विहिरीचं नाही, वेगळ्या पाणवठ्याचं, तेही कुणी वाढलं तर. चिंध्या धुवायच्या कधी, वाळत घालायच्या कुठं, की कुणाच्या नजरेला पडू नयेत? आठ दिवस अंगावरून जायला लागलं तर आठ दिवस हेच. रोज बुडाला तर मजुरी बुडाली. शहरात चाळीतल्या एका खोलीत सात माणसं, मोरीला पडदा, संडासला रांग. तिथंही हेच.

शिवाय कावळा शिवण्याचा प्रकार. सासू म्हणते, ही रोजचीच बाहेर कशी? चुलीला हात लावू नको, पाण्याला हात लावू नको. नवरा संशय घेतो. आणि आपल्या घरात हे नव्हतं असं कुणी सांगू नये. जन्मभर विटाळ सोसलेल्या माणसांनीच घरात बाईला विटाळ लावलाय.

आणि अंगात मुळात रक्त होतंच किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५७ जणींचं रक्त कमी निघालं. मग दुष्काळातल्या त्या बाईचा अंदाज तुम्हीच करा. ज्या बाईला दोन वेळ पोटभर नाही, तिचं रक्त महिन्याला दुप्पट काढून घ्यायचं आणि वर तिला अडाणी म्हणायचं. तिनं दोरा ओढून घेतला किंवा सुईणीकडून काढून घेतलं तर ते अज्ञान? तिनं आपल्या अंगातलं रक्त मोजलं होतं, दुसरं काय.

अफवांचंही बघू. लूप वर चढतं, काळजात जाऊन बसतं, म्हणायच्या. काळजात जात नाही हे खरं. पण क्वचित ते गर्भाशय फोडून पोटात जातं हे डॉक्टरच सांगतात. कधी आपसूक पडून जातं, बाईला कळत नाही, आणि दिवस राहतात. यातलं बसवताना तिला कुणी सांगितलं नव्हतं. लेडी डॉक्टर मुळात थोड्या. शिबिराची गाडी आली, दिवसभरात बसवून गेली. त्रास सुरू झाला तेव्हा विचारायला कुणी नाही. मग विहिरीवर जे कानावर पडलं त्यावर तिनं विश्वास ठेवला, कारण तिथं निदान कुणी तिचं ऐकून तरी घेत होतं.

पण सगळ्यांनी काढलं नाही. हे आपण विसरतो. कित्येकींनी वर्षानुवर्षं ठेवलं. ज्यांना त्रास बेताचा, ज्यांच्या जवळ ओळखीची नर्स, जिला दाखवता येतं, जी म्हणते, ‘नकोच वाटलं तर ये, काढून देते.’ काहींनी तर नवऱ्याला न विचारता, सासूला न सांगता बसवून घेतलं. पाचव्या बाळंतपणाला भिऊन. तिच्यासाठी लूप हा डाव नव्हता, तिची स्वतःची एकमेव खासगी वस्तू होती. डाववाल्या भावांनी या बाईला उत्तर द्यावं. तेच प्लॅस्टिक, तीच वळणं. एकीची सुटका, दुसरीचा छळ. फरक एवढाच, की काढायचा हक्क कुणाच्या हातात.

सरकार यातून काय शिकलं? बाईला विचारावं, हे नाही. जे काढता येतं ते बाई काढते, म्हणून जे काढता येत नाही ते करा. भर नसबंदीवर गेला. तो पुरुषावर कसा कोसळला हे आणीबाणीत देशानं बघितलं. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांच्या वर नसबंद्या, त्यात बहुतेक पुरुष. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ ला सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. १९७७ ला सरकार पडलं. पुरुषाला हात लावला की खुर्ची जाते, हे सगळ्या पक्षांना समजलं. तेव्हापासून सगळं ओझं बाईवर. २०१९-२१ च्या पाहणीत नवरा असलेल्या शंभर बायांत जवळजवळ ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं. नवऱ्याचं झालेलं हजारात तीन. तांबी शंभरात दोघींना. पाळणा लांबवायचं साधन बहुतेकींच्या वाट्याला आलंच नाही. एकदम कायमची कात्री.

मधल्या काळात दुसरी वाट निघाली: ज्याला दोराच नाही असं साधन. नेट-एन नावाचं दोन महिन्यांचं इंजेक्शन. १९८५ ला आंध्रात पटनचेरूच्या आरोग्यकेंद्रात त्याची चाचणी गरीब बायांवर चालली, ही चाचणी आहे हे त्यांना नीट न सांगता. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेनं ते उघड केलं, आणि १९८६ ला दिल्लीच्या ‘सहेली’सह सुप्रीम कोर्टात दाद मागितली. शेजारी बांगलादेशात नॉरप्लांट, दंडात कातडीखाली सहा नळ्या. तिथल्या बायांनी ‘काढा’ म्हणून विनवण्या केल्या तरी परत पाठवलं, हे ‘उबिनीग’ संस्थेनं नोंदवून ठेवलंय. इंजेक्शन एकदा टोचलं की अंगातून ओढून काढता येत नाही. नळी स्वतःची स्वतःला काढता येत नाही. २०१७ पासून तीन महिन्यांचं इंजेक्शन ‘अंतरा’ नावानं सरकारी दवाखान्यात आलं. ते वाईटच असं मी म्हणत नाही. आमच्यातल्या दोघी घेतात, खूश आहेत. तिसरीची पाळीच बंद झाली, ती घाबरली. असं होऊ शकतं हे तिला टोचताना सांगितलं असतं तर घाबरली नसती.

मी सूतगिरणीत वाइंडिंगला आहे. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या बाईला बाळंतपणात तांबी बसवली होती, हे तिला घरी आल्यावर कार्ड वाचून कळलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कागदोपत्री टार्गेट १९९६ लाच उठलेत. रक्त जायला लागलं म्हणून ती काढायला गेली. तीनदा गेली, तीनदा परत पाठवली. ‘पाच वर्षांची आहे, आत्ताच कशाला काढतेस? नवऱ्याला घेऊन ये.’ चौथ्यांदा आम्ही तिघी तिच्याबरोबर गेलो. रात्रपाळी करून तशाच गेलो. दोन तास बसवून ठेवलं. मग नर्सनं काढली, पाच मिनिटं लागली नाहीत. रजिस्टरात कारणाच्या जागी तिनं ‘गैरसमज’ असं लिहिलं. आम्ही ते खोडायला लावून ‘रक्तस्राव’ लिहून घेतलं.