वॉल्स ऑफ जेरिको

वॉल्स ऑफ जेरिको : हेलोवीन या जर्मन हेवी मेटल बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम. पश्चिम बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्स या कंपनीने तो १९८५ च्या अखेरीस काढला. पॉवर मेटलचा आरंभ पुष्कळ जण इथूनच धरतात. मात्र आज पॉवर मेटल म्हटले की जे कानांत घुमते, म्हणजे उंच पट्टीतला नितळ गळा आणि कीबोर्डचा भरगच्च साज, त्यातले या अल्बममध्ये जवळजवळ काहीच नाही.

बँड हँबर्गचा, स्थापना १९८४. काय हान्सेन (गायन व गिटार), मायकेल वाइकाथ (गिटार), मार्कुस ग्रोसकोप्फ (बेस) आणि इंगो श्विख्टेनबर्ग (ड्रम) हे चौघे. हॅलोवीन या सणाच्या नावातल्या एका अक्षराला धक्का देऊन त्यात इंग्रजीतला नरक आणला, की बँडचे नाव तयार. भोपळा हे बोधचिन्ह त्यातूनच आले. १९८४ मध्ये नॉइजच्या एका सामायिक संग्रहात त्यांची दोन गाणी आली होती, १९८५ मध्ये पाच गाण्यांची छोटी तबकडी निघाली आणि त्याच वर्षी हा पूर्ण अल्बम. ध्वनिमुद्रण बर्लिनच्या म्युझिकलॅब स्टुडिओत झाले. निर्माता हॅरिस जॉन्स.

अल्बमचे नाव बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातून घेतले आहे. मराठी बायबल वाचणाऱ्यांना हे गाव यरीहो म्हणून माहीत असेल. सातव्या दिवशी रणशिंगे वाजली, लोकांनी गजर केला आणि तट कोसळला, ही ती कथा. नुसत्या आवाजाने भिंत पाडायची, ही कल्पना मेटलवाल्यांना न भावती तरच नवल. मुखपृष्ठावर तट फोडणारा राक्षस आहे.

मिनिटभराच्या आत संपणारी प्रस्तावना आणि मग आठ गाणी. ‘राइड द स्काय’ या हान्सेनच्या गाण्यात बँडचा सगळा मसाला सापडतो : दोन्ही पायांनी अखंड घुमवलेले बेस ड्रम, थ्रॅश मेटलला शोभेल असा वेग, आणि त्यावर दोन गिटारींनी जोडीने गायलेली चाल. गिटारींची ही जोडी आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट यांच्याकडून आलेली. हेलोवीनने तिला दामटून पळवले, पण तिची चाल मोडू दिली नाही. सारे कसब त्यात आहे. ‘गॉर्गर’ हे गाणे १९७९ च्या एका बोलणाऱ्या पिनबॉल यंत्रावर आहे. त्यात मधेच नॉर्वेजियन संगीतकार एडवर्ड ग्रीगची एक सुप्रसिद्ध धून डोकावते. थट्टेचा हा सूर बँडने पुढेही सोडला नाही. शेवटचे ‘हाउ मेनी टिअर्स’ वाइकाथचे, सात मिनिटांहून मोठे, युद्ध आणि हिंसेविरुद्धचे. मधे संथ होऊन पुन्हा उसळणारी त्याची बांधणी इतर गाण्यांहून प्रौढ वाटते. ‘रेप्टाइल’ मात्र त्या मानाने किरकोळ.

हान्सेनचा गळा हा या अल्बमचा वादाचा मुद्दा. तो ताणलेला, खरबरीत, अधूनमधून कणसुराही होतो. पण गाण्यांची आग त्या ओरखड्यातच आहे असे मानणारे चाहते आजही भेटतात. अडचण होती ती मंचावर. इतक्या वेगाने गिटार वाजवत गायचे म्हणजे दमछाक. म्हणून स्वतंत्र गायक शोधला गेला आणि मिखाएल किस्के हा तरुण बँडमध्ये आला. त्याच्या आवाजातल्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’च्या दोन भागांनी (१९८७, १९८८) पॉवर मेटलच्या गायनाचा साचा ठरवून टाकला. पुढच्या कैक बँडनी तोच गिरवला.

हान्सेन १९८९ मध्ये बाहेर पडला आणि त्याने गामा रे हा बँड काढला. श्विख्टेनबर्ग १९९५ मध्ये, तिशीही न गाठता वारला. हान्सेन आणि मधल्या काळात बाहेर पडलेला किस्के हे दोघेही परतल्यावर २०१७ मध्ये निघालेल्या ‘पम्पकिन्स युनायटेड’ दौऱ्यात किस्के मंचावर उपलब्ध असूनही या अल्बमच्या काळातली बरीचशी गाणी हान्सेननेच गायली.