तारापूरचा किल्ला आणि सत्याचा प्रश्न

बोईसरहून तारापूरला गेलं की समुद्राकाठी पोर्तुगीज काळातला किल्ला लागतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला. बाजी भिवराव तिथेच कामी आले. मे महिन्यात वसई पडली. मराठ्यांच्या दृष्टीने हा विजय, पोर्तुगीजांच्या दृष्टीने नुकसान. आणि मागे राहिलेल्या इथल्या ख्रिस्ती माणसांची कहाणी तिसरीच!

१९७९ साली ल्योतार या फ्रेंच विचारवंताने म्हटलं की, सर्वांना लागू पडणाऱ्या महाकथांवर आता विश्वास उरलेला नाही. ख्रिस्ती श्रद्धेला हे आव्हान जड जातं, कारण ती नुसता उपदेश करत नाही, अमुक एक घडलं असं सांगते. मतांगीकारात पंतय पिलात या रोमन सुभेदाराचं नाव येतं, ते उगाच नव्हे.

यातलं अर्धं आव्हान आम्हाला मान्य आहे. तोफांच्या आश्रयाने सांगितलेल्या सत्याकडे संशयानेच पाहायला हवं, आणि या किनाऱ्यावर तसं घडलेलं आहे.

पण कहाण्या तीन आहेत म्हणून किल्ला पडलाच नाही, असं होतं का? सगळीच कथनं असतील, तर दुबळ्याने ‘हे खोटं आहे’ असं कुठल्या आधारावर म्हणायचं? त्याच्या हाती मग काहीच उरत नाही.

यातून पुनरुत्थान सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ‘ते घडलं का?’ हा प्रश्न मात्र जिवंत राहतो.